नापास करणारा क्लास शोधा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की उपनगरांत कराटे क्लासचे फलक लागतात. उंच उडी मारून लाथ झाडणाऱ्या सरांचा फोटो, खाली 'ब्लॅक बेल्ट, पाचवा दान', त्याखाली दोन-तीन भारदस्त संघटनांची नावे. पालक फी विचारतात, वेळ जुळते का बघतात आणि नाव घालून मोकळे होतात. क्लास चांगला की वाईट, हे यातल्या एकाही गोष्टीवरून कळत नाही. जगात कराटेच्या अनेक शैली आणि प्रत्येक शैलीच्या अनेक संघटना आहेत. दान, म्हणजे काळ्या पट्ट्यातली श्रेणी, देण्याचा अधिकार कोणा एकाकडे नाही. त्यामुळे पाचवा दान कोणी दिला आणि काय बघून दिला, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो.

मुळात पट्टा ही कराटेची जन्मजात खूण नव्हे. ही विद्या ओकिनावा बेटावरची. तिथले शाळामास्तर गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत तिची प्रात्यक्षिके दाखवली आणि मुख्य जपानात ती रुजली. दानची पद्धत त्यांनी ज्यूदोकडून घेतली. त्यांच्या पहिल्या शिष्यांना काळा पट्टा मिळाला तो १९२४ मध्ये. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या लोक पट्ट्याशिवाय कराटे शिकतच होते.

म्हणून रंगीत पट्टे वाईट, असे नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'दहा वर्षे घाम गाळ, मग बघू' असे सांगून चालत नाही. पांढऱ्यानंतर पिवळा दिसला की ते टिकते. परीक्षेला फी असण्यातही गैर काही नाही. हॉलचे भाडे भरून सरांनाही संसार चालवायचा असतो. अडचण वेगळीच आहे. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि परीक्षेची फी घेणारा बहुतेक ठिकाणी एकच माणूस असतो. मुलाला नापास केले तर पालक नाराज होणार, कदाचित क्लासच सोडणार. पास केले तर तीन-चार महिन्यांनी पुढच्या परीक्षेची फी येणार. इतक्या सरळ मोहासमोर जो शिक्षक 'अजून तयारी नाही, थांब' म्हणतो, त्याचा क्लास विश्वासाचा. माझ्या लेखी हीच कसोटी पहिली. बाकीच्या तिच्यामागून येतात.

संघटनेचा शिक्का या कसोटीची जागा घेऊ शकत नाही. संलग्नता जरूर विचारावी, पण तिच्यावर विसंबू नये. २०२० मध्ये जागतिक कराटे महासंघाने भारतातल्या तेव्हाच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता काढून घेतली. गल्लीतल्या क्लासमध्ये त्या दिवशी शिकवणे सुधारले नाही की बिघडले नाही. प्रमाणपत्रांचेही तसेच. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, या आशेने पालक 'राष्ट्रीय' स्पर्धेचे पैसे भरतात. राष्ट्रीय हा शब्द बॅनरवर कोणीही छापू शकतो. ती स्पर्धा सवलतीच्या गुणांसाठी ग्राह्य आहे का, हे पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारावे.

मग बघायचे काय? नाव घालण्यापूर्वी दोन दिवस नुसते बसून क्लास बघावा, तोही पुढच्या रांगेतल्या पदकवाल्यांचा नव्हे, मागच्या रांगेतल्या नवख्यांचा. पुढचा गुडघा वाकवून उभे राहताना मुलाचा गुडघा आत कलंडतो. सर तिथे थांबून तो बोटांच्या रेषेत आणतात, की नुसते आकडे मोजत पुढे जातात? जोडीच्या सरावात एक जण 'जोदान' म्हणून तोंडाच्या दिशेने ठोसा मारतो, दुसरा तो अडवतो. ठोसा चेहऱ्याआधी थांबवायला शिकवले जाते का? बारक्या मुलासमोर दुप्पट वजनाचा मुलगा उभा करतात का? शिक्षा म्हणून फरशीवर मुठी टेकवून जोर काढायला लावत असतील, तर तिथूनच परत फिरावे. स्नेहसंमेलनात कौले फोडणे आणि हातावरून मोटारसायकल नेणे हा करमणुकीचा भाग झाला. त्यावरून शिकवण्याची प्रत कळत नाही.

शैलीचा घोळ नवशिक्याने फार घालू नये. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू यांपैकी जी जवळ चांगली शिकवली जाते, ती चांगली. क्योकुशिनमध्ये मात्र अंगावर पूर्ण ताकदीने मारतात, एवढे माहीत असावे.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. स्पर्श करून शरीराची ठेवण दुरुस्त करणे हा या शिक्षणाचाच भाग आहे. म्हणून दार उघडे हवे. पालक समोर असले की मुलांचे लक्ष उडते, असे सर म्हणत असतील तर ते खरेही असेल. तरीही न सांगता कधीही येऊन मागे बसण्याची मुभा हवी. एकट्या मुलाला वेगळे बोलावून 'खास' सराव होतो का, हे मुलालाच विचारावे. 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हटल्याने कोणी प्रश्नांच्या पलीकडे जात नाही.

फलक वाचून झाला, फी कळली, की सरांना एवढेच विचारा: मागच्या परीक्षेत किती जण थांबवले? 'आमच्याकडे सगळे पास होतात' असे उत्तर अभिमानाने आले, तर नमस्कार करून दुसरा क्लास शोधा.