पाणी तुटतं तेव्हा

पहाटे साडेपाचला गल्लीत पहिली मोटर सुरू होते. मग दुसरी. लातूरची सकाळ आधी कानांना कळते. मी चहा ठेवते, पण लक्ष बोअरकडे असतं.

आमचं बोअर जुनं. वीसेक मिनिटं नीट चालतं. मग पाइपातून फुसफुस हवा येते, धार तुटते, मोटरचा सूर चढतो. याला आम्ही ‘बोअर गॅप देतंय’ म्हणतो. सूर चढला की उठायचं आणि बटण दाबायचं. दोन तासांनी पाणी पुन्हा येतं. एकदा मी उठले नाही. मोटर जळाली.

बोअर घेतलं तेव्हा मशीनवाल्याने सांगितलं होतं, इथला दगड काळा कातळ, बसाल्टचा. त्याच्या अंगात पाणी नसतं, भेगांत असतं. तिथून झिरपायला जो वेळ लागतो, तो लागतोच. मोठी मोटर टाकली तर पाणी वाढत नाही, लवकर तुटतं.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. तो उन्हाळा ज्यांनी काढला, त्यांना घागरीतल्या पाण्याचाही अंदाज आवाजावरून येतो. आणि एक आहे, गॅप देणाऱ्या बोअरला इथे कुणी आळशी म्हणत नाही.

वरच्या खोलीत मुखेडकडचा एक मुलगा राहतो. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा रिपीटर. दिवाळीनंतर त्याच्या खोलीतला दिवा रात्रभर जळू लागला. डबा अर्धा परत येऊ लागला. पुस्तकाचं तेच पान तासन् तास उघडं. घरून फोन यायचा, नेट लावून कर म्हणून. मीही तेच म्हटलं होतं. मोटरचा चढलेला सूर मला झोपेतही कळतो. याचा कळला नाही.

इंग्रजीत याला बर्नआउट म्हणतात. आमच्या मोटरचं झालं तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची दखल घेतली. आजार म्हणून नव्हे, कामाच्या न पेललेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. नीटचा अभ्यास हे काम धरायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. ट्यूशन एरियात पहाटे चक्कर मारली तर फार प्रश्न पडत नाही.

शेवटी एका मित्राने त्याला समुपदेशक मॅडमकडे नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, झोप कधीपासून गेली? पुढच्या वेळी वही दिली. मनात सारखं फिरणारं वाक्य लिही म्हणाल्या. त्याने लिहिलं, ‘मला सरकारी कॉलेज मिळालंच पाहिजे.’ मॅडमनी पेन घेतलं आणि त्यातल्या ‘च’भोवती गोल काढला. बाकी वाक्याला हात लावला नाही.

ही रीत अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांची, १९५५ पासूनची. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. इच्छा असू द्यावी, हट्टाला प्रश्न विचारावा. एलिसना त्यासाठी इंग्रजीतला ‘मस्ट’ हा अख्खा शब्द पकडावा लागला. आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. ते अक्षर किती जड असतं, हे मला त्याच्या वहीवरून कळलं.

लगेच काही पालटलं नाही. तो अजून कधीकधी रात्री जागतो. आठवड्यातून एकदा जाऊन बोलून येतो. मी स्टार्टरशेजारच्या भिंतीवर मेसवाल्याच्या आणि मोटरवाल्याच्या नंबरांखाली १४४१६ लिहून ठेवलाय. तो टेलि-मानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा. फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. वर राहणाऱ्या पोरांपैकी कुणी त्याबद्दल विचारत नाही. येता-जाता वाचतात मात्र.

परवा मी दूध तापवत होते. सूर चढला. हात पुसून बाहेर येईपर्यंत वरून आवाज आला, “काकू, पाणी तुटायलंय.” तोच खाली उतरला, बटण दाबलं आणि पायरीवर बसला.

“दोन तास तरी लागतील ना?”

“लागतील की.”

त्याच्या हातात पुस्तक नव्हतं.