विद्यादान: फुकट आणि मुक्त

वस्तूवरचे स्वतःचे स्वामित्व सोडून ते दुसऱ्याला देणे, ही धर्मशास्त्रातील दानाची व्याख्या. गाय दिली की दात्याचा गोठा रिकामा होतो. विद्या दिल्याने मात्र दात्याजवळचे काहीच उणे होत नाही. मग विद्यादानाला दान कोणत्या अर्थाने म्हणायचे? शिक्षकांसाठी इंटरनेटवर विनामूल्य मिळणाऱ्या साधनांनी हा जुना प्रश्न नव्याने पुढे आणला आहे.

धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर पोथीत शोधले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या १३व्या शतकातील ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडात विद्यादानाचा विचार आहे; पोथी लिहवून घेऊन ती देणे हा त्याचा एक प्रकार. पोथीसाठी लेखनिकाची मजुरी पडते, साहित्य लागते. म्हणजे दात्याच्या पदरचे काही जाते. डिजिटल प्रतीला हा खर्च जवळजवळ नसतो. तिथे दात्याला सोडता येते ते एकच: ‘नाही’ म्हणण्याचा हक्क.

येथे फुकट आणि मुक्त यांतला भेद कळीचा ठरतो. फुकट चित्रफीत पाहता येते. पण तिचे भाषांतर करायचे किंवा तिच्यातली उदाहरणे बदलायची, तर परवानगी मागावी लागते. २००२ पासून उपलब्ध झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बहुतेक परवान्यांत ही परवानगी लेखक आधीच, ठरावीक अटींवर, देऊन ठेवतो. त्याच वर्षी युनेस्कोच्या परिषदेत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा पुढे आली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील विज्ञानाची आभासी प्रात्यक्षिके मराठीतही वापरता येतात, ती भाषांतराची अशी वाट खुली असल्यामुळे. या परवान्यांची नेहमीची अट मूळ कर्त्याचा नामनिर्देश करण्याची असते. परंपरेच्या भाषेत ते ऋषिऋणाचे, म्हणजे ज्ञान देणाऱ्यांच्या ऋणाचे, स्मरण होय.

दात्याचा हेतूही तपासावा लागतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले दान राजस मानले आहे. पैसे न घेता विद्यार्थ्यांची माहिती गोळा करणारे ॲप याच वर्गात बसते.

तिसरा प्रश्न पात्रतेचा. परंपरेने विद्येला अधिकाराची अट घातली आणि शूद्रांना व स्त्रियांना वेदाध्ययनाच्या दाराबाहेर ठेवले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शिक्षणावरच्या अशा बंदीला आव्हान दिले. मुक्त साधन जात विचारत नाही. पण फोन, डेटा आणि भाषा या नव्या अटी ते नकळत घालतेच. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरील पाठापर्यंत नेतो, तो फोन हाताशी असेल तरच.

तेव्हा विद्यादानाची कसोटी दात्याचे किती गेले ही नव्हे. घेणाऱ्याला मिळालेल्या विद्येचे पुढे काय करता येते, ही आहे. ‘दीक्षा’वरील साहित्य-योगदानाच्या उपक्रमाचे नावच ‘विद्यादान’ आहे. तयार पाठ घेऊन तो आपल्या वर्गाच्या बोलीत बसवणारा आणि सुधारलेला पाठ इतरांसाठी ठेवणारा शिक्षक एकाच वेळी प्रतिग्रहीता (दान घेणारा) आणि दाता असतो.