एकट्याची सायकल आणि भिक्षेची झोळी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या वयाच्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "कुणाचे उपकार घ्यायची वेळ येऊ नये, म्हणजे झालं." वाक्य मानी आहे, यात शंका नाही. पण दत्तभक्ताला ते शोभतं का?

परंपरा सांगते, की श्रीदत्तात्रेयांचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला. रोजचं एवढं भ्रमण, तेही अवधूत वृत्तीने. पण या दिनक्रमात भिक्षा आहे, हे आपण विसरतो. ज्याच्या नुसत्या स्मरणाने आपली संकटं टळतात, तो स्वामी भर दुपारी दुसऱ्याच्या दारात झोळी पुढे करतो. मग 'मी कुणाचं घेणार नाही' म्हणणारे आपण कोण?

2018 साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही विशीतली मुलगी सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाली. जुलैत ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघून, 14 देश ओलांडून, 159 दिवसांत सुमारे 29 हजार किलोमीटर करून ती 23 डिसेंबरच्या पहाटे कोलकात्यात पोचली. आदल्याच दिवशी दत्तजयंती होती. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, रशियात बर्फात एकटीने रात्री काढल्या. बहुतेक वाट तिने एकटीनेच तोडली. तरी तिच्या चाकाखालचा रस्ता कुणीतरी बांधलेला होता, पोटातला घास कुणीतरी पिकवलेला होता. एकटं असणं म्हणजे कुणाची गरज नसणं नव्हे.

माझी झेप त्या मानाने चिमणीची. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात चिंचवडहून नेवाशाजवळच्या देवगडला दत्तदर्शनासाठी सायकलने एकटाच निघालो. पहिला मुक्काम रांजणगावच्या महागणपतीपाशी. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल करत चाकणला पोचलो तेव्हा रात्रपाळी सुटत होती, कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली होती. शिक्रापूर रस्त्याला वळलो आणि कंटेनरांची गर्दी सुरू झाली. शेलपिंपळगावच्या अलीकडे मागचं चाक बसलं. पंक्चरचं सामान पिशवीत होतं, पण साठी उलटलेल्या बोटांना टायर काही रिमवरून उतरेना.

एक तरुण मोटारसायकल लावून आला. अंगावर कंपनीचा शर्ट, डोळे जागरणाने लाल. "काका, सरा बाजूला." टायर उतरवला, तारेचा तुकडा काढला, ट्यूब घासून ठिगळ लावलं. वीस मिनिटं गेली. मी शंभराची नोट पुढे केली, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. माझे वडील गावाकडं एकटेच असतात. त्यांचं बी कुणीतरी बघतच असंल की."

बँकेत 35 वर्षं खतावण्या मारलेला मी माणूस. प्रत्येक नावे रकमेला तेवढीच जमा हवी, हे हाडात मुरलेलं. ही नोंद कुठे करायची? तेव्हा लक्षात आलं, की नोट पुढे करून आपण पुष्कळदा आभार मानत नसतो, खातं बंद करत असतो. त्या मुलाने ते बंद होऊ दिलं नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत कुमारीचं कंकण आहे. हातात एकच उरलं की आवाज नाही, म्हणून एकांत बरा. आणि त्याच यादीत भ्रमर आहे, जो फुलाफुलावरून थोडं थोडं घेतो आणि फुलाला इजा करत नाही. एकटं राहणं आणि दुसऱ्याकडून घेणं हे दोन्ही धडे एकाच शिष्याने घेतले.

कुणी म्हणेल, मग ऐतखाऊपणा आणि भिक्षा यात फरक काय? फरक भ्रमरानेच दाखवलाय. लागेल तेवढंच घ्यावं, साठवू नये, देणाऱ्याला पिळू नये. हात चालताहेत तोवर पंक्चरचं सामान आपल्याच पिशवीत हवं. पण हात थकले तर पुढे आलेला हात झिडकारू नये. गुरुचरित्रातली घेवड्याच्या वेलाची कथा आपल्याला पाठ आहे. वेलाखालचं द्रव्य नंतर सापडलं. आधी महाराजांनी त्या गरिबाच्या घरची घेवड्याची भाजी भिक्षा म्हणून स्वीकारली. 'तुझ्याकडेही देण्यासारखं आहे,' हा मान त्याला अगोदर मिळाला, सोनं मागाहून.

आमच्या सोसायटीत एका गृहस्थांच्या छातीत रात्री दुखू लागलं. शेजाऱ्यांची झोप कशाला मोडा, म्हणून ते उजाडेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. उजाडलं तेव्हा उशीर झाला होता. शेजारी अजून म्हणतो, "नुसती एक हाक मारायची होती हो." ते गृहस्थ कुणाचं देणं न ठेवता गेले खरे, पण त्या शेजाऱ्याच्या जिवाला कायमचा चटका लावून गेले.

म्हणून वाटतं, देण्याचं पुण्य आपण जन्मभर ऐकलं, आता घेण्याचा विनय शिकण्याचं वय आहे. मुलाला 'दवाखान्यात ने' म्हणावं, शेजारणीला 'जरा जिना उतरवून दे' म्हणावं. ज्याचं घेतलं त्यालाच परत देता येईल असं नाही. कुणा तिसऱ्याला देता येईल. जयंतीला प्रसादासाठी आपण हात पुढे करतोच ना? तिथे कुणी परतफेडीचं विचारत नाही, आणि हात पुढे करायची लाजही वाटत नाही. तोच हात एरवीही पुढे करता यावा, एवढंच महाराजांपाशी मागणं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!