गाडीत नसलेला गडी

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७



शास्त्र्याने प्रभूला विचारलेला प्रश्न आपल्या सीमाभागाच्या चांगला परिचयाचा आहे. माझा शेजारी कोण? वरवर पाहता तो ज्ञानाचा प्रश्न दिसतो. पण त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे. माझी प्रीती कोठवर पोहोचली म्हणजे पुरे? त्याला हद्द आखून हवी होती. प्रभूने हद्द आखली नाही. त्याने वाटेवर पडलेला एक जखमी मनुष्य दाखवला आणि त्याच्यापाशी थांबलेला परका शोमरोनी दाखवला.

ह्या वचनाच्या प्रकाशात एका कॉलेजच्या फुटबॉल संघाची हकिकत पाहू. अमेरिकेतील फुटबॉल आपल्या कॅम्पातल्या मैदानावरच्या फुटबॉलहून वेगळा. तेथे चेंडू हातात धरून धावतात. १९४१ च्या हंगामात ओरेगन स्टेट कॉलेजच्या संघाने रोझ बोल ह्या मानाच्या सामन्यात स्थान मिळवले. परंतु ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पश्चिम किनाऱ्यावर मोठी गर्दी जमवणे धोक्याचे ठरले आणि सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला, ड्यूक विद्यापीठाच्या मैदानावर नेण्यात आला. १ जानेवारी १९४२ रोजी तो झाला आणि ओरेगनने २०-१६ असा जिंकला. मग दोन्ही संघांतील तरुण युद्धावर गेले. त्यांपैकी चौघे परत आले नाहीत.

इटलीच्या रणभूमीवर १९४४ साली ड्यूकचा चार्ल्स हेन्स छातीत गंभीर जखम होऊन पडला. त्याला वाचवणाऱ्यांत ओरेगनचा फ्रँक पार्कर होता. मैदानावर ज्याला अडवायचे, त्यालाच रणात उचलून आणले! त्याच इटलीत आपल्या बेळगावच्या मराठा रेजिमेंटचे जवानही लढत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव ह्यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जखमी माणसाला खांद्यावर घेताना त्याची जात, भाषा किंवा संघ कोणी विचारत नाही.

येथेच थांबलो तर हकिकत गोड होईल, पण अपुरी राहील. ओरेगनच्या संघात जॅक योशिहारा नावाचा जपानी वंशाचा गडी होता. त्यानेही इतरांबरोबर सराव केला होता, घाम गाळला होता. सरकारी अधिकाऱ्यांनी त्याला प्रवासास मनाई केली. संघाची आगगाडी निघाली आणि तो मागे राहिला. पुढे एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांबरोबर त्यालाही छावणीत डांबण्यात आले. त्याचा गुन्हा काय? त्याचा चेहरा शत्रूच्या चेहऱ्यासारखा होता, एवढाच. १९८८ साली अमेरिकन सरकारने ह्या अन्यायाची क्षमा मागितली. २००८ साली त्याच्या विद्यापीठाने त्याला सन्मानाची पदवी दिली. तोवर तो वृद्ध झाला होता.

बंधूंनो, पार्करने विरुद्ध संघाचा गडी उचलला. पण आपल्याच संघाचा गडी गाडीबाहेर राहिला. ह्यातून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट : परक्याला आपला करण्यास जशी प्रीती लागते, तशीच आपल्याला परका होऊ न देण्यासही लागते. भीती एका रात्रीत सोबत्याचा शत्रू करते.

दुसरी गोष्ट : याजक आणि लेवी ह्यांनी त्या माणसाला मारले नव्हते. ते केवळ बाजूने गेले. पुष्कळदा आपले पाप हेच असते.

१ नोव्हेंबर १९५६ पासून आपण सीमेचा प्रश्न अंगावर वागवत आहोत. २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निवाडा न्यायालय करील. आपल्या भाषेवर प्रेम करणे हे पाप नव्हे. आईची भाषा ही देवाची देणगी आहे. परंतु तणाव वाढतो, कोगनोळीला बस अडवल्या जातात, पाट्यांना काळे फासले जाते, त्या दिवशी आपल्या गल्लीतल्या कानडी कुटुंबाचे दार कोण ठोठावतो? दूध, औषध, मुलांना शाळेतून आणणे, ह्यांची चौकशी कोण करतो? आणि कानडी वस्तीत एकट्या राहणाऱ्या मराठी म्हातारीची चौकशी तेथली मंडळी करते काय? एकाच प्रभूच्या मेजावरची भाकर खाणारे आपण, मराठी उपासना सुटताना आणि कानडी उपासना भरताना दारात एकमेकांना नमस्कार तरी करतो काय?

प्रभूने शेवटी शास्त्र्यालाच उलट विचारले की, त्या जखमीचा शेजारी कोण झाला? शेजारी शोधायचा नसतो, व्हायचे असते. म्हणून पुढच्या तणावाची वाट न पाहता ह्याच आठवड्यात एका घरी जा. नाव विचारा, चहा घ्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. ओळख आधी झालेली असली म्हणजे दंग्याच्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळतात.

प्रभू आपल्याला बाजूने न जाण्याचे धैर्य देवो. आमेन.