अधिकार आधी की ज्ञान आधी?

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायासनापुढे चालत नाही, हा सर्वमान्य दंडक आहे. तो योग्यच होय. एरवी प्रत्येक अपराध्याने अज्ञानाचे पांघरूण घेतले असते. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. कायदा सर्वांना ठाऊक आहे असे जर राज्य गृहीत धरते, तर तो ठाऊक करून देण्याचे ऋण कोणाच्या माथी?

हा प्रश्न मला एका प्रसंगाने शिकविला. काही वर्षांपूर्वी शेजारच्या घरी वडील वारल्यानंतर मुलीच्या सहीसाठी हक्कसोडपत्र तयार झाले. मुलगी नुकतीच अठरा वर्षे पुरी झालेली. तिचे भाऊ मला म्हणाले, "गुरुजी, एवढे आपण वाचून दाखवावे." मी एकही अक्षर न चुकता वाचले. मुलीने मान हलविली आणि कचेरीत जाऊन सही केली. पुढे दोन वर्षांनी तिने मला विचारले, "काका, त्या जमिनीत माझा भावांइतकाच वाटा होता, हे तुम्हांला ठाऊक होते?"

मला ठाऊक होते. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला, हे मी स्वतः एका पुस्तिकेसाठी मराठीत उतरविले होते. मी खोटे बोललो नव्हतो. पण वाचून दाखविणे निराळे आणि समजावून देणे निराळे. शेजाऱ्यांशी वितुष्ट नको म्हणून मी गप्प बसलो. त्रासाच्या भयाने कर्तव्य टाकणे याला गीतेचा अठरावा अध्याय राजस त्याग म्हणतो आणि अशा त्यागाचे फळ मिळत नाही असे बजावतो. त्या दिवशी लोकांच्या दृष्टीने त्याग त्या मुलीने केला. वस्तुतः टाकू नये ते मी टाकले. तिने जाणून हक्क सोडला असता तर तो त्याग ठरला असता. न कळता जे हातून गेले त्याला त्याग कसे म्हणावे?

माझे शिक्षण पाठशाळेत झाले. मीमांसेत अधिकाराचा विचार शिकताना आम्ही पाठ केले होते की, कर्माचा अधिकारी तोच, ज्याला इच्छा आहे, सामर्थ्य आहे आणि विद्या आहे. विचार तर्कशुद्ध दिसतो. परंतु याच आधारावर, ज्यांना अध्ययनाची वाटच बंद केली होती त्यांना विद्या नाही म्हणून अधिकारही नाही, असे ठरविले गेले. सर्वांना अधिकार आहे असे बादरी आचार्यांचे मत जैमिनींच्या सूत्रांत नोंदलेले आहे. पण सिद्धान्त म्हणून ते टिकले नाही. आधी दार लावून घ्यावयाचे आणि मग बाहेर उभ्या असलेल्याला आत का आला नाहीस म्हणून दोष द्यावयाचा, असा हा प्रकार झाला.

भारताच्या संविधानाने हा क्रम उलटा केला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षरालाही पंडिताइतकेच एक मत मिळाले. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. येथे अधिकार आधी आहे, ज्ञान मागाहून. "या पोरांना काय कळते? आधी शिकू द्या, मग मत द्या," असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांना माझे उत्तर एवढेच की, अधिकार थांबविला म्हणून ज्ञान येत नाही. उलट अधिकार दिल्यावर ज्ञान देण्याची जबाबदारी जाणत्यांवर येते, आणि ती टाळणे हा आपला दोष आहे, तरुणांचा नव्हे.

ही जबाबदारी पार पाडण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. गावच्या मतदारयादीत नाव लागताच तरुण ग्रामसभेचा सदस्य होतो. त्याला उपदेश करण्यापेक्षा पंचायतीचे अंदाजपत्रक त्याच्या हाती द्यावे आणि सभेत एक प्रश्न विचारावयास लावावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केल्यास साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीस बंधनकारक आहे; असा एक अर्ज त्याच्याच हातून लिहवून घ्यावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि बालकांना, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळू शकते, हे प्रत्येक मुलीला ठाऊक असावे. आणि आम्हां भाषांतरकारांनी, संस्कृत शब्द जोडला की अर्थ पोहोचला, हा भ्रम सोडावा. हक्कसोडपत्र हा शब्द मराठीच होता, तरीही त्या मुलीला तो कळला नव्हता.

मात्र समजावून दिल्यावर निर्णय तरुणांचाच राहिला पाहिजे. गीतेत सारे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला, नीट विचार करून तुला वाटेल तसे कर, असेच सांगतात. कोणाला मत द्यावे, वाटा घ्यावा की भावांसाठी सोडावा, हे आपण ठरवू नये. जाणून ठरविता येईल एवढी तयारी करून द्यावी.

मुलीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी "होय" एवढेच उत्तर देऊ शकलो. तेव्हापासून कोणी कागद घेऊन आले, तर तो वाचून झाल्यावर मी विचारतो, "आता यात काय लिहिले आहे, ते तू मला सांग." त्याला सांगता आले नाही, तर मी पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ करतो.