काळे, पांढरे आणि मधले

बारामतीच्या एका छापखान्यातील काळोख्या खोलीत आम्ही काही वर्षे काम केले. आज संगणकावरून थेट प्लेट निघते. त्या काळी ऑफसेटसाठी लिथ फिल्म लागे. या फिल्मला लाल प्रकाश दिसत नाही, म्हणून तांबड्या दिव्याखाली ती निर्धास्त हाताळता येई. कॅमेऱ्यात फिल्मवर प्रकाश द्यायचा, मग ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन द्रावणे ऐनवेळी एकत्र करून फिल्म त्यांत सोडायची. आरंभी फारसे काही दिसत नसे. काळेपणा एकदा उमटू लागला की मात्र तो संसर्गासारखा आपणहून वाढे. साधारण पावणेतीन मिनिटांनी उरे ते निखळ काळे किंवा काचेसारखे स्वच्छ. मधली करडी छटा जवळजवळ नाहीशीच होई. अक्षरांना आणि नकाशातील रेषांना हा गुण फार उपकारक.

एकदा इंदापूर तालुक्यातील एक कुटुंब आपल्या दिवंगत आजोबांचे छायाचित्र घेऊन आले. त्यांचे गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेले. घाईत आम्ही बिंदूंच्या जाळीचा स्क्रीन न लावताच फिल्म काढली. छापून आले ते एक गाल कोळसा, दुसरा कोरा कागद! सुरकुत्या, डोळ्यांतील ओल, सारे हरपले. नात हळूच म्हणाली, “आमचे तात्या असे नव्हते.”

दोष फिल्मचा नव्हता, आमचा होता. दुसऱ्या दिवशी स्क्रीन लावला. तीच फिल्म, तेच रसायन. पण करड्या छटांचे लहानमोठे ठिपके झाले. प्रत्येक ठिपका पूर्ण काळाच, तरी त्यांतून तात्यांचा चेहरा परत आला.

नीतीत काळे ते काळेच, असे आपण म्हणतो, आणि ते योग्यच आहे. चोरीला चोरीच म्हटले पाहिजे. तिच्यावर करडा रंग फासणे हा अप्रामाणिकपणा होय. परंतु माणूस म्हणजे त्याचे एकच कृत्य नव्हे. एका ठिपक्यावरून आपण शेजाऱ्याचा चेहरा ठरवितो. आणि निंदा तर त्या रसायनासारखीच, एकदा सुरू झाली की आपणहून वाढणारी.

उजनीचे पाणी खूप ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर पुन्हा उघडे पडते. नकाशावर त्याची नोंद ‘बुडीत’ अशी. ती नोंद खोटी नाही. पण तेवढ्यावर विसंबून आपण कोणाला कायमचा बुडालेला ठरवावे काय?