सुट्टी मागण्याआधी

सप्टेंबर १८८४मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी फॅक्टरी कमिशनपुढे मांडण्यासाठी एक निवेदन तयार केले. त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. त्यात पगारवाढीचा शब्दही नव्हता. पहिली मागणी होती दर रविवारी पूर्ण सुट्टीची. मग दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. पाचांतल्या तीन मागण्या वेळेच्या होत्या. वेळेचे नियोजन करण्याआधी तो वेळ आपला असावा लागतो, हे त्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही.

निवेदनामागे होते नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, 'दीनबंधू' वृत्तपत्राचे संपादक आणि गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. कामगारांचे जगणे त्यांनी आतून पाहिले होते. रविवारी गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसायला माणसे बोलावली जात आणि अर्धा दिवस त्यातच जाई. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

दिवसाच्या तासांचे मात्र भिजत घोंगडे राहिले. जोवर दिवे नव्हते तोवर सूर्य मावळला की गिरणी थांबत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचे दिवे लागले आणि तीही हद्द पुसली गेली. गिरण्या रात्री उशिरापर्यंत चालू लागल्या. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२मध्ये आठवड्याला ६० तास ठरले, १९३४मध्ये ५४ आणि १९४६मध्ये ४८. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आठ तासांचा आग्रह धरला, ४८ तास हे त्याचेच फळ.

मोठी रजा हा निराळाच प्रश्न होता. कोकणातला किंवा घाटावरचा कामगार शिमग्याला, गणपतीला, भातलावणीला गावी जाई, पण ते दिवस त्याच्या पगारातून कापले जात. इकडे गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगार उभे असत. लांबलेला खाडा नोकरीवर बेतू शकत होता. फॅक्टरी कायद्याच्या १९४५च्या दुरुस्तीने वर्षाला दहा दिवस पगारी सुट्टी मिळाली. १९४८च्या कायद्याने कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. मग रजेचा हिशेब मांडता येऊ लागला: किती शिल्लक आहे, गणपतीला किती, मे महिन्यात मुलांबरोबर किती.

हा हिशेब कारखान्याच्या दारापर्यंतच चालला. गिरणगावात खानावळ चालवून पाळीवरच्या माणसांना जेवू घालणाऱ्या बायकांच्या तासांना कोणताही फॅक्टरी कायदा लागू नव्हता. रविवार मिळवणाऱ्या सभेत बायका बोलल्या, आणि घरातला रविवार बहुतेक बायकांसाठी जास्त कामाचाच राहिला. सुट्टीच्या इतिहासातली ही सर्वात मोठी उणीव आहे.

नंतर सुट्टी वाढली, पण विखुरली. विजेचा भार वाटून घेण्यासाठी औद्योगिक वसाहतींना वेगवेगळे वार मिळाले. पिंपरी-चिंचवडमधल्या अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. मुलांची शाळा रविवारी बंद आणि वडील गुरुवारी घरी, अशी कितीतरी घरे तिथे आहेत. लोखंड्यांनी मागितलेल्या दिवसाचे बळ तो सगळ्यांचा एकच असण्यात होते. सभा, भजन, कुस्ती, नात्यातली लग्ने एकट्याच्या सुट्टीत होत नाहीत.

सरकारी कार्यालयांत दोन दिवस सलग मिळतात. केंद्राने पाच दिवसांचा आठवडा १९८५मध्ये आणला, महाराष्ट्राने २९ फेब्रुवारी २०२०पासून. रोज ४५ मिनिटे जादा कामाच्या बदल्यात. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सरकारने सांगितले. पण कंत्राटावरचा कामगार त्या कागदावर सही करायला नकार देऊ शकेल का? १८८४मध्ये सह्या साडेपाच हजारांनी एकत्र केल्या होत्या. ही सही प्रत्येकाला एकट्याने करायची आहे.